इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

दर वर्षी निकालाच्या दिवशी पालक आम्हांस एकच प्रश्न विचारतात : “सर, आमच्या मुलाचे इंग्रजी कशाने सुधारेल?” प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की, इंग्रजी म्हणजे शब्दांची रास. ज्याच्यापाशी रास मोठी, त्याचे इंग्रजी चांगले. एके काळी आम्हीही ह्याच मताचे होतो. ते मत कसे ढळले व त्याच्या जागी कोणते आले, हे आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

शिक्षकाच्या पेशात आम्ही नुकतेच पडलो होतो तेव्हाची गोष्ट. वर्गास आम्ही रोज वीस इंग्रजी शब्द स्पेलिंगासह पाठ करावयास देत असू व जो चुके त्यास उभे करीत असू. वर्गात एक मुलगा असा होता की, तो कधीच चुकत नसे. आम्हांस त्याचा मोठा अभिमान वाटे. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो एक कागद घेऊन आमच्याकडे आला. त्याचे वडील परगावच्या रुग्णालयात होते. तेथील डॉक्टर परप्रांतीय असल्यामुळे त्यांनी आजाराची मागील हकीकत इंग्रजीत लिहून मागविली होती; आणि घरात इंग्रजी जाणणारा हा एवढाच. रात्री जागून त्याने चार ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळींत आम्ही दिलेल्या यादीतले भारी भारी शब्द ओळीने बसविलेले होते. परंतु ताप केव्हा आला, किती दिवस टिकला, औषध कोणते घेतले, ह्यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता नव्हता. “सर, मला शेकडो शब्द येतात, पण बाबांना काय झालंय ते लिहिता येत नाही,” असे म्हणून तो रडू लागला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती हकीकत लिहिली. तीत एकही कठीण शब्द नव्हता. पुढे त्याचे वडील बरे होऊन घरी आले, ही परमेश्वराची कृपा. परंतु चूक मुलाची नव्हती, ती आमची होती, हे आम्हांस त्या दिवशी पुरते कळून चुकले. आम्ही त्याच्या हातात नाणी दिली होती, पण बाजारात जाऊन ती खर्च कशी करावयाची, हे शिकविलेच नव्हते. वीस शब्दांची यादी दुसऱ्या दिवसापासून बंद झाली.

मग थोड्या शब्दांत मोठे काम होऊ शकते काय? होऊ शकते, आणि त्याचा दाखला शोधण्यासाठी नाशिक सोडून दूर जाण्याचे कारण नाही.

आपल्या शहरातील शरणपूर रस्ता सर्वांच्या पायांखालचा आहे. पण शरणपूर हे नाव कसे पडले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. गेल्या शतकाच्याही मागील शतकात, १८५० नंतरच्या दशकात, चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या शिवेवर एक ख्रिस्ती वसाहत वसविली. तिला शरणपूर म्हणत. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडी, तेव्हा त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात; त्यांपैकी कित्येक शरणपुरी आणली गेली. आईबाप, गाव व भाषा ही सर्व गमावलेली ती मुले येथे लिहावाचावयास व हाताने काम करावयास शिकली. पुढे त्यांना ‘नासिक बॉईज’ ह्या नावाने जग ओळखू लागले.

त्यांपैकी एक याकोब वेनराइट. हा पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीचा. सन १८७२ मध्ये प्रसिद्ध प्रवासी व मिशनरी डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस जी माणसे आफ्रिकेत पाठविली गेली, त्यांत शरणपुरी शिकलेले काही तरुण होते व त्यांत याकोब होता. सन १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, हल्लीच्या झांबिया देशातील चितांबो नामक मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन मरण पावले. अंथरुणापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते आढळले. त्यांचे सोबती रानात, परक्या मुलखात एकटे पडले. तेव्हा सुसी व चुमा ह्या जुन्या सेवकांनी सर्वांस एकत्र बोलाविले, धन्याच्या पेट्या सर्वांच्या देखत उघडल्या, आणि आत काय आहे त्याची यादी करावयाचे काम ज्याला लिहिता येत होते त्या याकोबाकडे दिले.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. जवळ शब्दकोश नाही, शिक्षक नाही. पुढे पेटी उघडी आहे व तीतील प्रत्येक वस्तूचे नाव परक्या भाषेत लिहावयाचे आहे. हॅट, घड्याळ, होकायंत्र ह्यांची नावे याकोबास येत होती. ती त्याने लिहिली. परंतु आकाशातील तारे पाहून स्थळ ठरविण्याची जी उपकरणे होती, त्यांची खास नावे त्यास येत नव्हती. मग त्याने काय केले? कागद कोरा सोडला काय? की ऐकीव असा एखादा भारदस्त शब्द ठोकून दिला? दोन्ही नाही. ही मोजमापाची साधने आहेत, एवढे त्यास ठाऊक होते. म्हणून त्याने ‘मेझरिंग इन्स्ट्रुमेंट’ असे लिहिले व पुढे त्यांची संख्या मांडली. त्या यादीत अनेकवचन चुकले आहे. आमच्या वर्गात तिला पुरते गुण मिळाले नसते. पण ती यादी खरी होती, आणि तेवढ्यासाठीच ती करावयाची होती.

पुढे त्या सोबत्यांनी लिव्हिंग्स्टन ह्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. याकोबाने प्रेतसंस्काराची उपासना वाचली व झाडाच्या खोडावर नाव कोरले. ते कोरीव खोड पुढे लंडनला नेण्यात आले. नंतर मीठ लावून व उन्हात वाळवून जतन केलेला देह त्यांनी हजार मैलांहून अधिक वाट तुडवून समुद्रकिनाऱ्यास पोहोचविला. वाटेत, १८७३ च्या ऑक्टोबरात, याकोबाने मृत्यूची बातमी देणारे पत्र लिहून पुढे धाडले. त्याने इंग्रजीत रोजनिशीही ठेवली होती. ता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर मानाने चालणाऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

ह्या कथेतून इंग्रजी शिकणाऱ्याने घ्यावयाचा धडा आमच्या मते हा : शब्द हे दाखविण्यासाठी नसून खरी गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी आहेत. जो शब्द तुमच्या हातून एकदा तरी अशा कामी आला, तोच तुमचा. बाकीचे सर्व वहीचे. आता हे कसे साधावे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तूंपासून आरंभ करावा. याकोबाप्रमाणे यादी करा. आज आपल्या दप्तराची, उद्या स्वयंपाकघराची, परवा वडिलांच्या कामाच्या जागेची. ज्याच्या घरी द्राक्षांचा मळा आहे त्याने छाटणी, फवारणी, घड, खोके ह्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावे. घरचा कांदा लासलगावच्या बाजारात जात असेल, तर लिलाव, तोलाई, आडत्या ह्यांचे शब्द मिळवावेत. नुसते नाव लिहून थांबू नये. ‘ऑक्शन’ हा शब्द मिळाला, की तो घालून आपल्या घरचे एक खरे वाक्य लिहावे. आणि जेथे शब्द मिळणार नाही तेथे अडून बसू नये. तांबट आळीतील घंगाळास इंग्रजीत नेमका एक शब्द सापडणार नाही. मग ‘आंघोळीचे पाणी ठेवण्याचे तांब्याचे मोठे भांडे’ असे साध्या इंग्रजीत सांगावे. जो असे सांगू शकतो तो कोणत्याही परमुलखात उपाशी राहणार नाही.

दुसरी गोष्ट, शब्दांची कुळे ओळखावीत. आपल्या संस्कृताच्या तासाला एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार असे शब्द कसे निघतात ते तुम्ही शिकता. इंग्रजीतही, विशेषतः लॅटिन भाषेतून आलेल्या शब्दांत, असेच चालते. लॅटिनमधील ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. नाशिक रोड स्टेशनावर ओझे वाहतो तो ‘पोर्टर’. माल देशात आणणे ते ‘इम्पोर्ट’, आपली द्राक्षे देशाबाहेर पाठविणे ते ‘एक्स्पोर्ट’, एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे ते ‘ट्रान्स्पोर्ट’, सहज उचलून नेता येते ते ‘पोर्टेबल’, खालून उचलून धरणे ते ‘सपोर्ट’, आणि बातमी परत आणून देणे ते ‘रिपोर्ट’. एक धातू कळला की सहा-सात शब्द आपण होऊन दारी येतात. मात्र सावध असावे. ‘एअरपोर्ट’मधला ‘पोर्ट’ ह्याचा अर्थ बंदर असा आहे. रूप सारखे दिसले तरी अर्थ पाहिल्यावाचून सोयरीक जुळवू नये.

तिसरी गोष्ट, शब्द एकटा शिकू नये, त्याच्या सोबत्यांसह शिकावा. मराठीत आपण परीक्षा ‘देतो’. म्हणून मुले इंग्रजीतही ‘गिव्ह’ हे क्रियापद लावतात; परंतु इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत ताप ‘येतो’, भूक ‘लागते’. इंग्रजीत मनुष्यापाशी ताप असतो व मनुष्य स्वतः ‘हंग्री’ असतो. आपण गृहपाठ करतो, चूक करतो व गोंगाटही करतो. एकच ‘करणे’ सर्वत्र चालते. इंग्रजीत मात्र गृहपाठास ‘डू’ आणि चुकीस व गोंगाटास ‘मेक’ लागते. ‘उसने देणे’ व ‘उसने घेणे’ ह्यांस तेथे ‘लेंड’ व ‘बॉरो’ असे दोन निराळे शब्द आहेत. हे भेद नियमाने पाठ होत नाहीत; पूर्ण वाक्य कानावरून अनेकदा गेले म्हणजेच ते जिभेवर बसतात. म्हणून वहीत शब्दापुढे अर्थ लिहून थांबू नये. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहावे व खाली स्वतःचे एक वाक्य लिहावे.

चौथी गोष्ट, थोडे घ्यावे, पण पुनः पुनः घोळावे. रोज पाच शब्द पुरेत. शाळेचे दिवस दोनशे धरले तरी वर्षाचे एक हजार शब्द होतात. परंतु आज शिकलेला शब्द उद्या पाहावा, तीन दिवसांनी पाहावा, आठवड्याने पाहावा व महिन्याने पाहावा. पाहताना अर्थ झाकून ठेवावा व आठवून मगच उघडावा. आठवण्यास जे श्रम पडतात, त्याच श्रमांनी शब्द मनात रुजतो. हल्ली मोबाईलमध्ये शब्दकोश असतो व बोट लावताच अर्थ दिसतो. ही मोठीच सोय आहे. परंतु जे बोट लावताच येते ते बोट काढताच जातेही. आधी वाक्यावरून अर्थ तर्काने काढावा, मग शब्दकोश उघडावा. तर्क खरा ठरला तर आनंद होतो, खोटा ठरला तर शब्द ध्यानात राहतो. तोटा कोठेच नाही.

पाचवी गोष्ट, मोठ्याने वाचावे व वाचलेले पुन्हा सांगावे. पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद घ्या, त्याचे सरळ मराठीत भाषांतर करा, पुस्तक मिटून ठेवा. दोन दिवसांनी केवळ त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा व मूळ परिच्छेदाशी ताडून पाहा. जेथे जेथे फरक पडेल तेथे तेथे तुमचा त्या दिवसाचा धडा आहे. ह्यासारखा कठोर आणि तरीही फुकट मिळणारा शिक्षक दुसरा नाही.

येथे कोणी विचारील, इंग्रजीच्या गोष्टीत मराठीचे एवढे स्तोम कशास? उत्तर असे की, परकी भाषा ही आपल्या भाषेच्या खांद्यावर बसूनच घरात येते. इंग्रज लोक मराठी शिकले तेही ह्याच वाटेने. मोल्सवर्थ नावाच्या सेनाधिकाऱ्याने कॅण्डी बंधूंसह व पंडितांच्या साहाय्याने लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले, त्यातून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजारांच्या घरात गेले. हे धन त्यांनी आधी ऐकून व मग टिपून मिळविले. शब्दही असेच इकडून तिकडे जात असतात. आपले मुंगूस इंग्रजीत जाऊन ‘मोंगूस’ झाले आणि पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ आपल्या रश्श्यात येऊन बसला.

आणखी एक उदाहरण आपल्याच परिसरातले आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. त्यांनी लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यातील मराठी घरात बोलावी तशी साधी आहे. आणि त्याच पुस्तकाचे १९५० साली इंग्रजीत भाषांतर झाले. जे आपल्या भाषेत स्पष्ट आणि खरे सांगितलेले असते, ते दुसऱ्या भाषेतही पोहोचते. जे आपल्या भाषेतच धूसर आहे, त्याला इंग्रजी शब्दांचा कितीही मुलामा दिला तरी उजेड पडत नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. कित्येक घरांत मुलाने इंग्रजी बोलावे म्हणून मराठी बोलण्यास मनाई करतात. असे कृपया करू नये. त्या योगे मुलाच्या पदरी अर्धी मराठी व अर्धी इंग्रजी पडते, आणि दुःख झाले असता ते सांगावयास पुरती भाषा त्याजपाशी उरत नाही. “आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?” असेही पुष्कळ माता म्हणतात. त्यांना आमचे सांगणे असे : रात्री जेवण झाल्यावर मुलाची वही हाती घ्या व त्यास म्हणा, “आज काय वाचलेस ते मला मराठीत समजावून सांग.” त्यास सांगता आले तर त्याला समजले आहे, अडखळला तर कोठे अडखळला ते त्याचे त्यालाच कळेल. ह्यासाठी तुम्हांस इंग्रजीचे एक अक्षरही येण्याची गरज नाही. दहा मिनिटे लक्ष देऊन ऐकले म्हणजे झाले. आणि त्याने चूक केली तर हसू नका. जो मुलगा हसण्यास भितो तो तोंड उघडत नाही, व जो तोंड उघडत नाही तो भाषा शिकत नाही.

आपल्या प्रभूने सांगितलेल्या एका दृष्टान्तातील दास तुम्हांस ठाऊक आहे. त्याला मिळालेले धन त्याने जमिनीत पुरून ठेवले. ते हरवले नाही, आणि वाढलेही नाही. पाठ करून वहीत पुरलेल्या शब्दांची गत हीच आहे. त्या रडणाऱ्या मुलास आम्ही जे उशिरा शिकविले, ते तुम्ही वेळेवर शिका. आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या, आपली पेटी किंवा दप्तर उघडा आणि आत जे दिसेल ते इंग्रजीत लिहावयास लागा. नाव येईल तेथे नाव लिहा. न येईल तेथे ती वस्तू कशाच्या उपयोगाची आहे ते लिहा. पण जे लिहाल ते खरे लिहा. शरणपुरात शिकलेल्या एका पोरक्या मुलाने आपले इंग्रजी असेच कामी आणले, आणि ते पुरले.